प्लॅन नाइन आमच्या तालमीत दाखवायचाय, पण ‘सगळ्यात वाईट सिनेमा’ म्हणून नाही

मोटरवाला, मंगळवार पेठ:

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. गणपतीत आमच्या तालमीचा तांत्रिक देखावा मी आणि गल्लीतली पोरं मिळून करतो. राक्षसाचा हात वर-खाली होणं, हत्तीनं सोंड उचलणं, जमिनीतून पुतळा वर येणं, हे सगळं आमच्याकडं गाड्यांच्या जुन्या वायपर मोटरी, सायकलची चेन आणि लोखंडी पट्ट्यांवर चालतं. हे आधी सांगतोय, कारण परवा ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ मी देखावा करणाऱ्याच्या नजरेनं बघितला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जाईना झालाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. एड वूड नावाच्या माणसानं १९५६ च्या अखेरीला हा सिनेमा हॉलिवूडमधल्या एका छोट्या स्टुडिओत शूट केला. लिहिला त्यानंच, दिग्दर्शन त्याचं, एडिटिंगही त्याचं. ७९ मिनिटांचा, ब्लॅक अँड व्हाइट. परग्रहावरची माणसं पृथ्वीवर येतात, इथली सरकारं त्यांना दाद देत नाहीत, मग ती आपली नववी योजना बाहेर काढतात: मेलेल्यांच्या मेंदूतल्या ग्रंथींना लांबून वीज द्यायची, त्यांना थडग्यातून उठवायचं आणि माणसांवर सोडायचं. १९५७ मध्ये एक खेळ झाला, सगळीकडं लागला १९५९ मध्ये. पुढं १९८० साली अमेरिकेतल्या एका पुस्तकानं वाचकांची मतं मागवून याला आजवरचा सगळ्यात वाईट सिनेमा ठरवलं. एड वूड १९७८ मध्येच वारला होता, त्याला उत्तर द्यायचीही संधी मिळाली नाही. तेव्हापासून लोक हा सिनेमा हसायला म्हणून लावतात.

आता परग्रहवाल्यांच्या उडत्या तबकड्यांचं घ्या. तबकडीचा दोरा दिसतो, हे जो तो सांगतो. दिसतोच. पण टांगलेली वस्तू एकदा स्वतः हलवून बघा. एका तंगूसावर (नायलॉनच्या बारीक दोऱ्यावर) टांगली की ती स्वतःभोवती गरगरत राहते. दोनांवर टांगली की गरगर थांबते, पण झोके खाते. तीनांवर टांगली की स्थिर राहते, मग तीन तंगूस लपवायचे. आणि समोरून लाइट पडला की तंगूस चमकतोच चमकतो. आम्ही गरुड उडवला तेव्हा तंगूसाला काळा मार्कर फिरवला, मागं काळं कापड ताणलं, लाइट बाजूनं टाकला. एवढं करूनही पुढं बसलेल्या बारक्या पोरांना दोरा दिसला. एड वूडच्या तबकडीमागं तर ढगांचं उजळ आकाश आहे! तिथं लपवणार कुठं? तरी त्यानं ती उडवली, शहरावरून नेली आणि शेवटी पेटवलीसुद्धा. पेटती वस्तू टांगून पुढं सरकवायची म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. तंगूस वितळतो, तारच लावावी लागते, आणि तार जाड असते. त्या तबकड्या म्हणजे ताटल्या नाहीत की मोटारीच्या चाकाची झाकणं नाहीत. तशी अफवा खूप वर्षं फिरते. दुकानात मिळणारी प्लॅस्टिकची मॉडेल किट होती ती.

दुसरी जागा बेला लुगोसीची. १९३१ मध्ये ड्रॅक्युला केलेला एवढा मोठा नट, शेवटी शेवटी त्याला फारसं कुणी काम देत नव्हतं. एड वूड देत होता. ऑगस्ट १९५६ मध्ये लुगोसी गेला. त्याचं थोडंसं चित्रीकरण वूडकडं शिल्लक होतं: म्हातारा घरातून बाहेर येतो, फूल हुंगतो, चालत फ्रेमच्या बाहेर जातो. बास. वूडनं काय केलं बघा. माणूस फ्रेमबाहेर गेल्यावर नुसता गाडीच्या ब्रेकचा आवाज आणि किंकाळी टाकली. म्हातारा गेला हे आपल्याला कानानं कळतं, एक फूटसुद्धा जादा फिल्म न वापरता. उरलेल्या सिनेमाभर त्याच्या जागी टॉम मेसन नावाचा माणूस झग्याची बाही तोंडावर धरून फिरतो. हा वूडच्या बायकोचा मणके बसवणारा डॉक्टर. लुगोसीपेक्षा उंच, कुठूनही त्याच्यासारखा दिसत नाही. लोकांना ही फसवणूक वाटते. मला त्यात मित्राचं शेवटचं काम वाया जाऊ न देणारा माणूस दिसला.

आणि तिसरा टॉर जॉन्सन. स्वीडनचा पैलवान, पावणेदोनशे किलोच्या घरातला. आधी इन्स्पेक्टर असतो, मग मरतो, मग थडग्यातून उठतो. खासबाग कुस्ती मैदानाच्या शेजारी वाढलेल्या आमच्या पोरांना हा गडी बघितल्याबरोबर आपला वाटणार, याची मला खात्री आहे.

तर प्रश्न असा. दिवाळीनंतर तालमीच्या हॉलमध्ये पोरांना हा सिनेमा दाखवायचाय. ‘जगातला सगळ्यात वाईट सिनेमा’ असं सांगून लावला तर पहिल्या मिनिटापासून खिदळणार आणि कुणाला काही दिसणार नाही. काहीच न सांगता लावला तर पंधरा मिनिटांत मोबाइल निघणार. सुरुवात कशी करू? याच्याआधी दुसरा एखादा सिनेमा लावावा का? आणि पोरांचं इंग्रजी बेताचं आहे, त्याचं काय करावं? ज्यांनी असले जुने कमी पैशांतले विज्ञानपट लोकांना दाखवलेत त्यांनी सांगा.

तिकीटखिडकी:

भावा, आधी ‘द ब्लॉब’ लाव, १९५८ चा. रंगीत आहे, स्टीव्ह मॅक्वीन आहे आणि पोरं खुर्चीतून हलणार नाहीत. खर्च साधारण १ लाख १० हजार डॉलर, हॉलिवूडपासून लांब पेनसिल्व्हेनियात काढलेला. तो लाल गोळा म्हणजे रंग घातलेलं सिलिकॉन. छोट्या घरांचे, छोट्या खोल्यांचे सेट करायचे, त्यात ते सिलिकॉन ओघळू द्यायचं आणि कॅमेरा अशा बेतानं लावायचा की ते घराएवढं वाटावं. देखावेवाल्या पोरांना यात शिकण्यासारखं प्लॅन नाइनपेक्षा जास्त आहे.

त्यात एक प्रसंग थेटरातला आहे. प्रोजेक्टरच्या खोलीतून गोळा आत येतो आणि प्रेक्षक किंचाळत रस्त्यावर पळत सुटतात. ते थेटर खरं आहे, फिनिक्सव्हिल गावातलं कलोनियल. आजही त्या गावात दरवर्षी लोक जमतात आणि तसेच थेटरातून पळत बाहेर येतात. एका स्वस्तातल्या सिनेमावर गावानं इतकं प्रेम करावं, हे मला फार आवडतं.

तुझ्या कामाचं आणखी एक. ब्लॉबचा दिग्दर्शक अर्विन यवर्थ मूळचा धार्मिक फिल्म काढणारा. प्लॅन नाइनचे पैसेही बॅप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी घातलेले. आधीचं नाव ‘थडगी लुटणारे’ अशा अर्थाचं होतं, ते त्यांना खपलं नाही म्हणून बदललं. नटांपैकी काहींना बाप्तिस्माही घ्यावा लागला. पोरांना ही गोष्ट सांग, सिनेमा कुठल्या पैशांवर उभा राहतो ते कळू दे.

अर्धं रीळ:

मला पटलं नाही, स्पष्ट लिहितो. दोरा माफ. हलणारी पुठ्ठ्याची थडगी माफ. विमानाच्या कॉकपिटला दाराऐवजी पडदा, तोही माफ. पण एकाच प्रसंगात गाडी दिवसा निघते आणि रात्री पोचते, आणि माणसं अशी बोलतात जशी कुणीच कधी बोलत नाहीत, याला पैसा लागत नाही. कागद आणि पेन्सिल लागते. गरिबी हे सगळ्याचं उत्तर होऊ शकत नाही.

त्याच काळातला डॉन सीगलचा ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ बघा, १९५६ चा. तिथंही पैसा बेताचाच. राक्षस नाही, तबकडी नाही. नुसत्या मोठ्या शेंगा. एक बाई डॉक्टरला सांगते, हे माझे काका नाहीत. चेहरा तोच, आवाज तोच, जुन्या आठवणीसुद्धा त्याच, पण हे काका नाहीत. तेवढ्यावर पूर्ण सिनेमा उभा आहे आणि आजही बघताना मानेवर काटा येतो. पोरांना कमी पैशांतली ताकद दाखवायची असेल तर ही दाखवा.

रॉजर कॉर्मनचं उदाहरणही घेता येईल. तो स्टॅनफर्डचा इंजिनिअर. ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’ करताना त्यानं हिशोब केला की ज्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण जास्त तिथला प्राणी जमिनीलगत बुटका असणार. तसाच करून घेतला. नायिका बेव्हर्ली गारलंड त्याच्यासमोर उभी राहिली आणि तो तिच्यापेक्षा बुटका! तिनं त्याला लाथ घातली. कॉर्मननं तिथल्या तिथं प्राणी उंच करून घेतला. चुकलं की दुरुस्त करायचं, ही शिस्त. वूडकडं ती नव्हती.

जुनी पेठ:

मोटरवाले, तुमचं लिखाण वाचून बरं वाटलं. मी शिवाजी पेठेतला, वय झालंय, जयप्रभा आणि शालिनी हे दोन्ही स्टुडिओ चालू असताना बघितलेत. तुम्ही पोरांना अमेरिकेतलं दाखवणार, जरूर दाखवा. पण सुरुवात आपल्या ‘खरी कॉर्नर’ चौकातल्या कॅमेरा स्तंभापासून करा. ही पोरं रोज त्याच्या बाजूनं गाडी काढतात.

बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः करायला घेतला, कारण विकत घ्यायला पैसे नव्हते. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन कॅमेरा पुरा केला. गिअर, फिल्म पुढं सरकवायची दातेरी चाकं, सगळं इथल्या इथं लेथवर आणि कानशीनं घासून. महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसे दिले ते तानीबाई कागलकरांनी, गाणाऱ्या बाई. १९२० साली ‘सैरंध्री’ आला. त्यात कीचकाचा वध इतका खरा वाटला की त्यावर कात्री चालवावी लागली. त्याच कंपनीत शांताराम, दामले, फत्तेलाल तयार झाले आणि १९२९ मध्ये इथंच प्रभात सुरू झाली.

मी बाबूरावांची आणि त्या वूडची बरोबरी करत नाही. बाबूराव चित्रकार होते, फ्रेम कशी भरायची ते त्यांच्या हातात होतं. पण जवळ आहे त्यातून उभं करायचं, कुणी तरी विश्वासानं दिलेल्या पैशांवर करायचं, आणि सोबतचा माणूस गेला तरी काम पुरं करायचं, हे दोन्हीकडं आहे. एवढं सांगितलंत की पोरं खिदळणार नाहीत. आपल्या गावात कुणी घाम गाळून काही उभं केलं की त्याला मान मिळतो.

काळा धागा:

दोऱ्याचा विषय निघालाय म्हणून लिहिते. आपल्याकडचे बाबूभाई मिस्त्री. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त अदृश्य माणूस दाखवायचा होता. त्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्यानं वस्तू हलवल्या आणि इंडस्ट्रीत त्यांचं नावच ‘काला धागा’ पडलं. मी इथं हे नाव घेतलंय ते त्यांच्यासाठीच. तुम्ही गरुडामागं काळं कापड ताणलंत ना, तीच युक्ती.

पैलवानांचं म्हणाल तर पोरांना १९६७ चा ‘चाँद पर चढाई’ दाखवा. दारासिंग चंद्रावर जातात आणि तिथंही कुस्ती करतात. नील आर्मस्ट्राँग उतरायच्या दोन वर्षं आधी! भाषेचा प्रश्नच नाही. टॉर जॉन्सनच्या आधी दारासिंग, हा क्रम मला तरी योग्य वाटतो.

मोटरवाला, मंगळवार पेठ:

सगळ्यांचे आभार, विशेषतः जुनी पेठ काकांचे. काका, कॅमेरा स्तंभाचं तुम्ही म्हणता तसंच करणार. सिनेमाच्या आधी पोरांना घेऊन तिथं जाऊ, आणि तुम्ही आलात तर तुम्हीच सांगा, आमच्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकलेलं जास्त दिवस राहील.

अर्धं रीळ, तुमचा मुद्दा मी मनावर घेतला. बॉडी स्नॅचर्स काल बघितला, ‘हे माझे काका नाहीत’ ही जागा तुम्ही लिहिलीत तशीच अंगावर येते. तरी संवादांबद्दल मला एक म्हणायचंय. शेवटाकडं इरॉस नावाचा परग्रहवासी माणसांना समजावतो ती जागा परत बघा. तो म्हणतो, समजा हा पेट्रोलचा डबा म्हणजे सूर्य. त्यातून पेट्रोलची बारीक धार एका चेंडूपर्यंत नेली, चेंडू म्हणजे पृथ्वी. आता चेंडूला काडी लावली तर आग धारेवरून डब्यापर्यंत जाणारच. माणसं उद्या सूर्यप्रकाशाच्या कणांचा स्फोट करणारा बाँब काढतील आणि सगळं विश्व जाळतील, म्हणून आम्ही आलो. भौतिकशास्त्र चुकीचं आहे. पण हा सिनेमा शूट झाला त्याच्या पावणेतीन वर्षं आधी, १ मार्च १९५४ ला, बिकिनी बेटावर अमेरिकेनं हायड्रोजन बाँब फोडला. तो शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या अडीच पट निघाला आणि लांब समुद्रात मासे धरणाऱ्या जपानी बोटीवर त्याची राख पडली. शास्त्रज्ञांनाच आपला बाँब केवढा हे कळलं नव्हतं. त्या भीतीला वूडनं पेट्रोलच्या डब्याचं उदाहरण दिलं, जे गॅरेजमधल्या कुणालाही समजेल. वाक्यं ओबडधोबड आहेत, कबूल. पण सांगायचं काय ते त्याला ठाऊक होतं आणि ते त्यानं आपल्याच सरकारला तोंडावर सुनावलं. मला त्यासाठी हा सिनेमा दाखवायचाय, नुसत्या तबकड्यांसाठी नाही.

कॉर्मनची गोष्ट मात्र पोरांना नक्की सांगणार. आमच्यातही एक-दोघं आहेत, हिशोब बरोबर म्हणून देखाव्यातला राक्षस बुटका ठेवणारे.

आता ठरलंय ते असं. पहिल्या दिवशी दारासिंग, दुसऱ्या दिवशी ब्लॉब, तिसऱ्या दिवशी प्लॅन नाइन. तालमीच्या फळ्यावर ‘सगळ्यात वाईट’ हे शब्द येणार नाहीत. टॉर जॉन्सनचं नाव खडूनं मोठ्या अक्षरात, पुढं ‘स्वीडनचा पैलवान’. प्लॅन नाइन संपला की लाइट लावायच्या आधी मी प्लॅस्टिकची थाळी तीन तंगूसांवर टांगून ठेवणार, पोरांच्या हातात बॅटऱ्या देणार आणि सांगणार, दोरा लपवून दाखवा. कोण कुठून लाइट मारतो ते मला बघायचंय. पुढच्या गणपतीचं डोकं त्यातूनच निघेल.

इंग्रजीसाठी असं ठरवलंय की सुरुवातीचं क्रिसवेलचं निवेदन आणि इरॉसचं भाषण या दोन जागांना आवाज बारीक करून मी मराठीत वाचणार. बाकीचं बघून कळतं. पडद्याचं कुणी सांगेल का? चादर लावली की सुरकुत्या दिसतात.

तिकीटखिडकी:

चादर नको. जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू वापर, चारी कडांना डोळे पाडून दोरीनं ताण, ढोलकीसारखा बसला पाहिजे. चकाकत असेल तर वर पांढरा डिस्टेंपर रोलरनं मार, पातळ. ब्लॅक अँड व्हाइटला हॉलमध्ये पूर्ण अंधार हवा, खिडक्यांना काळा प्लॅस्टिक कागद लाव, रस्त्यावरचा एक दिवा आत आला तरी थडग्यांचे प्रसंग सगळे राखाडी होतात. स्पीकर पडद्याच्या मागं ठेव, प्रोजेक्टरजवळ नको.

अर्धं रीळ:

इरॉसची जागा परत बघितली. वाक्यांबद्दलचं माझं मत तेच आहे, पण १९५४ लक्षात ठेवून बघितल्यावर ती वेगळी ऐकू येते, हे मान्य. मी येतो तिसऱ्या दिवशी. क्रिसवेलचं निवेदन मराठीत करायला मदत लागली तर सांगा, ते सरळ वाटतं तेवढं सरळ नाही, वाक्यं मध्येच वळतात.

जुनी पेठ:

मी येईन. जिना चढवत नाही आता, हॉल खालीच आहे ना? आणि मध्यंतर घ्या, पोरांना लागतं. पण इरॉसचं भाषण सुरू व्हायच्या बरंच आधी घ्या. तिथून पुढं थांबवू नका.

मोटरवाला, मंगळवार पेठ:

हॉल तळमजल्यालाच आहे काका, खुर्ची पुढं ठेवतो. मध्यंतर चाळिसाव्या मिनिटाला, चहा-भडंग तालमीकडून. अर्धं रीळ, रविवारी दुपारी दुकानावर या, निवेदन दोघं मिळून करू.